एसपीएल जेवतो कुठे?

(अमेरिकेतल्या स्काउट ट्रूपमध्ये स्वयंसेवक म्हणून नव्याने आलेल्या मराठी पालकांसमोरच्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आजचा प्रश्न ऐकायला किरकोळ आहे. ट्रूपमधली, म्हणजे पथकातली, मोठी, पदं सांभाळणारी मुलं कुठल्या पॅट्रोलमध्ये, म्हणजे सहा-आठ मुलांच्या कुठल्या तुकडीत, धरायची? पण कॅम्पवर रात्री साडेनऊला झालेलं जेवण, रुसून बसलेला पॅट्रोल लीडर, ‘माझ्या मुलाला कोणी काही करूच देत नाही’ ही पालकांची कुरकुर, या गोष्टी उकरून पाहिल्या की खाली बहुतेक वेळा हाच प्रश्न निघतो.

ज्यांनी महाराष्ट्रात शाळेत स्काउटिंग केलं, त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेचं पथक असतं. तिथे स्काउटमास्टर म्हणजे आपले सर, आणि सूचना बहुधा त्यांच्याच तोंडून यायच्या. इथे सभा चालवतो पंधरा-सोळा वर्षांचा सीनियर पॅट्रोल लीडर, म्हणजे मुलांच्या भाषेत एसपीएल. (मी ‘मुलगा’ म्हणत असलो तरी २०१९ पासून मुलींचेही ट्रूप आहेत, सगळं त्यांनाही तसंच लागू.) त्याला सगळ्या ट्रूपने मतदान करून निवडलेलं असतं. आणि तो कुठल्याच पॅट्रोलचा सभासद नसतो. त्याचा मदतनीस, एएसपीएल, तोही नसतो.

हे असं का, ते समजून घ्या. एसपीएल जर समजा ‘ईगल’ नावाच्या पॅट्रोलमध्येच राहिला, तर त्या पॅट्रोलला दोन म्होरके होतात. निवडून आलेला पॅट्रोल लीडर तेरा वर्षांचा, शेजारी सोळा वर्षांचा एसपीएल. तंबू कुठे ठोकायचा, असं कोणी विचारलं की सगळ्या माना एसपीएलकडे वळतात. लहानग्याचं पद शर्टावरच्या बिल्ल्यापुरतं उरतं. बाकीच्या पॅट्रोलना वाटतं, खेळात पंच त्यांचाच आहे. लग्नघरात कारभार बघणारा माणूस एकाच चुलीशी अडकला तर मांडवात काय होतं, तेच इथे होतं.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलं नेली तेव्हा त्यांची चार पॅट्रोल केली: कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल. प्रत्येकाचा एक नायक. म्हणजे आधी पॅट्रोल. एसपीएल वगैरे मांडणी त्यावर नंतर चढली. म्हणून एसपीएलचं काम पॅट्रोल चालवणं नाही, पॅट्रोल लीडरांना चालतं ठेवणं आहे. त्याची बैठक पॅट्रोल लीडर्स कौन्सिलमध्ये. तिथे तो अध्यक्ष, समोर सगळे पॅट्रोल लीडर, एएसपीएल आणि ट्रूप गाइड (त्याच्याबद्दल पुढे). स्क्राइब टिपणं घ्यायला बसतो, पण मत देत नाही. स्काउटमास्टर कोपऱ्यात, शक्यतो गप्प.

इथून दोन वाटा फुटतात. एसपीएलकडून पॅट्रोल लीडरांकडे एक. दुसरी एएसपीएलकडून क्वार्टरमास्टर, स्क्राइब, हिस्टोरियन, लायब्रेरियन, इन्स्ट्रक्टर अशा पदाधिकाऱ्यांकडे. दुसऱ्या वाटेवरच्या या मुलांना पॅट्रोलमधून काढू नका, असं माझं मत आहे. क्वार्टरमास्टरचं काम कॅम्पच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास: स्टोव्ह, ताडपत्र्या, पेट्या मोजून द्यायच्या, ओले तंबू कोणी घरी सुकवायला नेले ते लिहायचं. मधल्या दोन दिवसांत तो आपल्या पॅट्रोलमध्ये कांदा चिरू शकतो. तरी त्याला बाहेर काढण्याचा मोह का होतो? कारण ईगल या सर्वांत वरच्या पायरीला, तिच्या आधीची लाइफ ही पायरी झाल्यानंतर, सहा महिने जबाबदारीचं पद लागतं, आणि पालकांना ते पद डोळ्यांत भरेल असं हवं असतं. असिस्टंट पॅट्रोल लीडर त्या यादीत बसत नाही. त्यामुळे पॅट्रोलला सगळ्यात गरजेचं असलेलं ते पद कोणालाच नको असतं. हे मला खटकतं, पण नियम तसा आहे.

ट्रूप गाइडचं प्रकरण वेगळं. नव्याने आलेल्या अकरा वर्षांच्या मुलांचं स्वतंत्र पॅट्रोल केलं तर त्यांना एक अनुभवी मुलगा जोडून देतात, तो ट्रूप गाइड. तो दुसऱ्या पॅट्रोलचा सभासद नसतो आणि या पॅट्रोलचा नायकही नसतो. नायक त्या अकरा वर्षांच्यांपैकीच, बहुतेक वेळा महिन्यामहिन्याला बदलणारा. गाइडने स्टोव्ह पेटवून द्यायचा नाही. नायकाला पेटवायला शिकवायचं आणि हातभर अंतरावर उभं राहायचं. दिवसभर तो यांच्याजवळ असला तरी रात्री यांच्या तंबूत झोपू शकत नाही, कारण एका तंबूतल्या मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक चालत नाही; सख्खी भावंडं असतील तरच सूट. तेव्हा तंबूंची यादी करताना आधी मोठ्या मुलांच्या जोड्या लावा. एसपीएल आणि एएसपीएल यांची जोडी सहसा जमते. गाइड एकटा उरत असेल तर त्याला एकट्याचा छोटा तंबू द्या, पण नव्या मुलांच्या जागेला लागून.

आता जेवण. पॅट्रोल सोडलेली ही मुलं जेवणार कुठे? सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे मोठ्या माणसांबरोबर. मोठ्यांच्या चुलीवर जेवण बरं मिळतं, कॉफी मिळते, आणि दोन कॅम्पमध्ये एसपीएल मुलांचा न राहता मोठ्यांचा निरोप्या होतो. दुसरा मार्ग पाहुणा होऊन फिरण्याचा. शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ अशा नेहमीच्या कॅम्पला चार जेवणं धरा: शनिवारची तीन आणि रविवारची न्याहारी. तीन पॅट्रोल असतील तर शनिवारी एकेका जेवणाला एकेकाकडे, आणि रविवारी ज्याची घडी सगळ्यात विस्कटलेली दिसते त्याच्याकडे. हे रस्त्यात ठरवायचं नाही. खरेदीच्या आधीच्या सभेत मेन्यू आणि डोकी पक्की होतात, तेव्हाच एसपीएलचं नाव त्या त्या जेवणाच्या डोक्यांत धरायचं आणि त्याच्या वाट्याचे पैसे त्या त्या पॅट्रोलला द्यायचे. हे विसरलं की सात जणांच्या पास्त्यात आठवा येतो आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला कोणालाच उरत नाही. पाहुण्याचं नाव कामाच्या तक्त्यावर नसतं, पण त्याने आपली ताटवाटी स्वतः धुवायची. आयतं खाऊन ‘मीठ कमी आहे’ म्हणणारा एसपीएल दुसऱ्या दिवशी कोणाला काही सांगू शकत नाही.

तिसरा मार्ग: एसपीएल, एएसपीएल आणि ज्युनियर असिस्टंट स्काउटमास्टर (स्काउटमास्टरच्या हाताखाली काम करणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा) यांनी आपली वेगळी चूल मांडायची. मोठ्या ट्रूपला हे सोयीचं पडतं. पण धोका असा, की एसपीएल स्वयंपाकात गुंतला की नेमकं त्याच वेळी कुठल्या तरी पॅट्रोलचा भात करपत असतो आणि तो तिथे नसतो. म्हणून यांचा मेन्यू एका भांड्यात होणारा, वीस मिनिटांचा हवा.

या चुलीवर चार-पाच पदाधिकारी जमले की तिचं हळूहळू ‘लीडरशिप पॅट्रोल’ होतं. अमेरिकेत स्काउटिंगच्या १९७२ च्या नव्या कार्यक्रमात चौदा वर्षांपुढच्या मुलांचा ‘लीडरशिप कोअर’ अधिकृतपणेच काढला होता. १९८९ च्या सुमारास तो गेला आणि मोठ्या मुलांसाठी ‘व्हेंचर’ गट आला; त्यालाच पुढे व्हेंचर पॅट्रोल म्हणू लागले. कल्पना वाईट नव्हती, पण लहान ट्रूपमध्ये हिशेब जमत नाही. वीस मुलांतून मोठी सहा बाजूला काढलीत तर खाली बारा-तेरा वर्षांची चौदा उरतात, आणि गाठ मारायला शिकवणारं त्यांच्यात कोणी राहत नाही.

म्हणून आकड्यांपासून सुरुवात करा. एका पॅट्रोलला सहा ते आठ मुलं. समजा ट्रूपमध्ये सव्वीस आहेत. एसपीएल, एएसपीएल, एक ट्रूप गाइड आणि सोळा पूर्ण झालेला एक ज्युनियर असिस्टंट स्काउटमास्टर काढले, उरले बावीस: सात, सात, आठ. उत्तम. ट्रूप अकराचा असेल तर फक्त एसपीएल काढा, पाच-पाचची दोन पॅट्रोल करा आणि एएसपीएलचं पद रिकामं ठेवा. सात-आठच मुलं असतील तर एसपीएल कशाला? एक पॅट्रोल, एक पॅट्रोल लीडर, पुरे. पद रिकामं राहिल्याने काही अडत नाही. पॅट्रोल चारवर आलं की मात्र एक मुलगा आजारी, दुसऱ्याचा फुटबॉलचा सामना, आणि कॅम्पवर दोघंच.

निवडणुकीचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी एसपीएलची निवड. मग तो स्काउटमास्टरच्या संमतीने एएसपीएल नेमतो. मग पॅट्रोलची डोकी पुन्हा मोजायची, गरज असेल तर एखाद्याला विचारून हलवायचं. सगळ्यांत शेवटी पॅट्रोल आपापला लीडर निवडतात. उलट केलंत तर आज निवडलेला पॅट्रोल लीडर आठवड्यात एसपीएल होतो आणि त्या पॅट्रोलला पुन्हा मतदान करावं लागतं. दुसऱ्या वेळी निवडला गेलेला मुलगा मग कायम ‘दुसऱ्या पसंतीचा’ ठरतो.

राहता राहिला मुदत संपलेला एसपीएल. तो सतरा वर्षांचा असेल तर तेरा वर्षांच्या लीडरच्या हाताखाली भांडी घासायला तयार होत नाही, आणि जबरदस्ती केली तर सभेला यायचं बंद करतो. मोठ्या मुलांचं पॅट्रोल असेल तर तिथे परत पाठवा. नसेल, आणि सोळा पूर्ण असतील, तर स्काउटमास्टर त्याला ज्युनियर असिस्टंट नेमू शकतो; पण काम नेमकं लिहून द्या, उदाहरणार्थ नव्या पॅट्रोल लीडरांचं प्रशिक्षण, किंवा उन्हाळी कॅम्पआधी पोहण्याच्या चाचणीची तयारी. आणि नव्या एसपीएलच्या पहिल्या दोन सभांना त्याला मागच्या रांगेत बसवा, नाहीतर मुलं परवानगी त्यालाच विचारत राहतात.