ताप चढताना थंडी का वाजते?

मुलांनो, आजारी माणसाच्या कपाळाला हात लावला तर चटका बसतो, आणि तो मात्र दोन-दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत असतो. अंग तापलेलं असताना थंडी का वाजावी? हे कोडं नीट सुटलं, की तापाबद्दलची भीती बरीचशी जाते. म्हणून आज त्यावरच बोलू.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखणं हे त्याचं काम. जंतू आत शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि काही रसायनं सोडतात. ही खबर मेंदूला पोचली की हायपोथॅलॅमस ठरवतो, आता ३७ नको, ३९ हवं. तुमचं अंग अजून ३७वरच असतं, पण नव्या हिशेबात ते गार ठरतं! मग त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय थंड पडतात, अंगावर काटा येतो आणि स्नायू थरथरू लागतात. या थरथरीतूनच उष्णता तयार होते. तापमान ३९वर पोचलं की हुडहुडी थांबते. पुढे मेंदूने आकडा परत ३७वर आणला की उलटा प्रकार होतो: आता अंग जास्त गरम ठरतं आणि दरदरून घाम फुटतो. घाम आला म्हणजे ताप उतरतोय, असं मोठी माणसं म्हणतात ते उगाच नाही.

एवढा खटाटोप कशाला? तापलेल्या शरीरात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात. ताप हा रोग नव्हे, रोगाचं लक्षण आहे, हे कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं.

ताप आलेल्याचं अंग बर्फाच्या पाण्याने पुसू नये, ते का हेही आता तुमच्या लक्षात येईल. मेंदूचा आकडा वरच असतो, त्यामुळे स्नायू आणखी थरथरतात आणि रुग्णाचे हाल होतात. पॅरासिटामॉल तो आकडाच खाली आणतं, म्हणून बरं वाटतं. जंतू मात्र त्याने मरत नाहीत. आणि सर्दी-फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं तर मला फार धोक्याचं वाटतं.

थर्मामीटरपेक्षा माणसाकडे जास्त बघा. तो पाणी पितोय का? लघवीला होतेय का? बोलावलं तर नीट उत्तर देतोय का? मान ताठ झाली, धाप लागली, झटके आले किंवा तो गुंगीत जाऊ लागला, तर लगेच मोठ्यांना सांगा. घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याचं तापमान ३८ किंवा त्याहून वर गेलं, तर इतर काही लक्षण दिसायची वाट न पाहता त्याला तडक डॉक्टरांकडे न्यायचं.