रोप तहानलेलं नाही, गुदमरतंय

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय तुम्हाला माहितीये, बागेतलं मरगळलेलं रोप वाचवायचं कसं. त्यावर येतोच, पण आधी माझ्या लिंबाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

कमरेएवढं रोप होतं, तजेलदार. लावलं आणि दोन महिन्यांत त्यानं मान टाकली. दुपारी पानं लोंबायची, मी पाणी घालायचो, संध्याकाळी परत लोंबायची, मी परत पाणी घालायचो. नर्सरीत जाऊन विचारलं तर त्या माणसानं खताची पुडी हातात ठेवली, घाला म्हणाला, उभारी धरेल. घातली. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. परत गेलो, तर दुसरी पुडी! माती ओली आहे का कोरडी, हे त्यानं एकदाही विचारलं नाही हो. याचा राग मला अजून आहे, कारण त्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं.

शेवटी एका सकाळी हातानंच उकरायला बसलो. वरची माती सुकलेली, चार बोटं खाली गेलो तर गारढोण चिखल, आणि वास तुंबलेल्या गटाराचा. खोड तेवढंच चार बोटं गाडलं गेलेलं. तिथली साल काळी पडलेली, नख लावलं तर ओल्या कागदासारखी सुटून आली. एक जाड मूळ पिशवीत असतानाच गोल फिरलेलं, ते बुंध्याला फास लावून बसलेलं.

आता हे नीट लक्षात घ्या. मुळं श्वास घेतात, मातीच्या कणांमध्ये जी हवा असते तिच्यावर ती जगतात. त्या फटी सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं आणि पानं तहानलेली! बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून एक बादली ओततो. जगवायला आणलेली किती रोपं अशी आपल्याच मायेनं जातात, मला फार वाईट वाटतं.

आणि खताचं म्हणाल तर, खत म्हणजे झाडाचं जेवण ही समजूत आधी काढून टाका. हेल्मोंट नावाच्या माणसानं कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली जेमतेम २ औंस. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आलं. त्याला वाटलं झाड पाण्यातूनच बनतं, ते काही पूर्ण बरोबर नव्हतं, पानं हवेतला कार्बन घेतात हे नंतर कळलं. पण मातीतून झाड किती थोडं उचलतं ते बघा. क्षार लागतात, पण चिमूटभर, आणि आजारी मुळांभोवती खताचे क्षार वाढवले की ती उलट जास्त होरपळतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत म्हणे, आणि कबूल केलेला भाग तर आत्ता सुरू होतोय! भराभर सांगतो.

आधी फांदीची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. टोकाला तपकिरी लागलं तर खाली खाली येत तपासा. मग बुंध्याजवळची माती बाजूला करा, जिथून खोड रुंदावून मुळं फुटतात ती जागा उघडी दिसलीच पाहिजे. खोल गाडलं असेल तर ऊन उतरल्यावर उचलून वर लावा, खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नको. गोल फिरलेली मुळं सोडवा, सुटत नसतील तर कापा, कुजलेली कापाच. पाणी रोज थोडं थोडं नको, बोट घालून बघा, आत कोरडं लागलं की आळं भरून द्या. पालापाचोळ्याचं आच्छादन दोन-तीन इंच, खोडाला चिकटू न देता. काठी बांधाल तर सैल, खोड वाऱ्यावर हललं की जाड होतं, वर्षभरात काठी काढून टाका. कलम असेल तर जोडाखालून येणारे फुटवे लगेच खुडा. आणि खत, नवी पालवी धरेपर्यंत अजिबात नाही.

माझ्या लिंबाला मी एवढंच केलं. दीड महिना नुसती काडी उभी होती, मी रोज सकाळी जाऊन बघायचो. मग एके दिवशी जोडाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब.

हं, मागे कोणीतरी हात वर केलाय. तुमचं रोप पिशवीतून काढलं तेव्हा मुळं कशी होती, आधी ते सांगा.