क्रेडिट कार्ड बंद करताय? मग हे सात दिवस मोजा

नमस्कार. कार्ड बंद करायला फोन केला की समोरून ऑफर सुरू होतात. वार्षिक फी माफ करतो, लिमिट वाढवून देतो, जरा विचार करा. तुम्ही "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवता. झालं! बँकेच्या नोंदीत तुमची विनंती आलेलीच नसते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे नियम आणले, त्यात हे स्पष्ट आहे: सगळी थकबाकी भरलेली असेल, तर कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण झालीच पाहिजे. नाही झाली, तर खातं बंद होईपर्यंत उशिराच्या प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. विनंती ईमेलने, अ‍ॅपवरून, वेबसाइटवरून करता येते. "पोस्टानेच पत्र पाठवा" असा आग्रह बँकेला धरता येत नाही.

म्हणून फोनवर थांबू नका. ईमेल करा.

(स्क्रीनवर ईमेलचा मजकूर)
"माझं अमुक शेवटचे चार अंक असलेलं क्रेडिट कार्ड कायमचं बंद करावं. आजची थकबाकी शून्य आहे. विनंतीचा नोंदणी क्रमांक कळवावा."

आता हे फसतं कुठे ते बघा. थकबाकी शून्य आहे असं तुम्ही समजता, पण बिल तयार झाल्यानंतर ओटीटीचं सबस्क्रिप्शन कापलं जातं, किंवा एखादा ईएमआय शिल्लक असतो. दहा-वीस रुपये जरी बाकी निघाले तरी ५०० रुपयांचा दावा लंगडा पडतो. त्यामुळे आधी ऑटो-पे काढा, बिलात न आलेले व्यवहार अ‍ॅपमध्ये तपासा, ते भरा, शून्य बाकीचा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ईमेल पाठवा. रिवॉर्ड पॉइंट्सही त्याआधीच वापरून टाका.

न मागता कार्ड घरी आलं तर? तुमच्या संमतीशिवाय दिलेल्या कार्डावर बिल लावलं, तर बँकेने ते शुल्क रद्द करायचं आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायची. पण अ‍ॅक्टिव्हेशनचा ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका. तो दिला की ती तुमची संमती धरली जाते.

लेट फीबद्दल थोडक्यात: देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच ती लावता येते, आणि तीही उरलेल्या रकमेवरच. २०,००० च्या बिलापैकी १८,००० वेळेत भरले असतील, तर लेट फीचा हिशोब २,००० वर व्हायला हवा. व्याज मात्र वेगळं, ते या तीन दिवसांमुळे टळत नाही.

आणि ज्याने लोक खरोखर बुडतात, तो "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम. समजा २०,००० थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, एकूण ८२६. तुम्ही १,००० भरलेत, तर मुद्दलातून गेले फक्त १७४ रुपये! शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मिनिमम भरून लेट फी वाचते, कर्ज जवळपास तिथेच राहतं. ज्यांना जमत नसेल त्यांनी कार्डावरची नवी खरेदी आधी थांबवावी.

बँक ऐकतच नसेल, तर आधी लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेची तक्रारींची वेबसाइट) तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. सोबत तो पहिला ईमेल आणि शून्य बाकीचा स्क्रीनशॉट जोडा, दोन्हींवर तारीख दिसली पाहिजे.