पोटावरची पिशवी आणि परसातला फणस

मंडळी, ऐन मे महिन्यात पोटावर पिशवी घेऊन माणूस इस्पितळातून घरी आला, की अर्धं घर त्याची सगळी फळं बंद करतं आणि उरलेलं अर्धं ‘फळंच ती, खा की!’ म्हणून मागे लागतं. दोघांनाही आवरा.

आधी आपला स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, कोणता ते डॉक्टरांकडून समजून घ्या. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचा काही भाग कामावर असतो. तिथे पोट साफ होत नसेल तर पिकलेली पपई आणि भरपूर पाणी उपयोगी पडतं. मी आज मुख्यतः इलिओस्टॉमीवाल्यांशी बोलतोय. त्यांच्यात मोठं आतडं वाटेतून वगळलेलं असतं, आणि लहान आतड्यातून पुढे आलेलं पाणी-मीठ शोषायचं काम त्याचंच.

पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमाला सूज असते, वाट अरुंद. तोवर केळं, सोललेला हापूस, साल-बिया काढलेली पपई एवढ्यावर भागवा. रायवळ चोखू नका, रेषा पोटात जातात. पुढे एका वेळी एकच नवं फळ, थोडंसं, अगदी बारीक चावून. करवंदं-जांभळं सालीसकट गिळायची नाहीत. कापा असो की बरका, फणसाचे गरे रेषाळच. जपून.

पण आपल्याकडे खरा धोका फळांच्या टोपलीपेक्षा वाटणात आहे. खोबरं! इलिओस्टॉमीत अडकणाऱ्या पदार्थांत ते अननस आणि सुक्या मेव्याच्या पंगतीला बसतं, आणि आपल्या आमटीत, उसळीत, मोदकात सगळीकडे तेच. मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी चोथा राहतो. नारळ सोडा म्हटलं तर कोकणात कोण ऐकणार? म्हणून मी म्हणतो, रस काढा, चोथा फडक्यातून गाळून टाका. सोलकढीही तशीच गाळून.

आता पेयं. तहान लागली म्हणून गोड पन्हं, कोकम सरबत, डब्यातला रस पेल्यामागून पेले प्यायलात, तर साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पिशवी पातळ भरते आणि तहान आणखी वाढते. नुसतं पाणी पीत राहिलात तरी गेलेलं मीठ भरून येत नाही. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ, सोडियम कमी, तेव्हा तेही पुरं पडत नाही. पिशवी पातळ वाहू लागली तर ओआरएस घ्या, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. सरबत हवंच असेल तर पातळ, कमी साखरेचं, घोट घोट.

आणि पिशवीत काही तास काहीच आलं नाही, कळा येताहेत, पोट फुगलंय, उलटी होतेय, तर खाणं थांबवा. एरंडेल, जुलाबाची गोळी अजिबात नको. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता गाडी काढा.