फोटो म्हणून आलेली फाईल

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचा सौदा]

राजापुरी हळद. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, मग भाव बोलायचा. पोत्यावर काय लिहिलंय, यावर इथं कुणी बोली लावत नाही.

[दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन]

हा नमुन्याचा फोटो पाठवायचा फॉर्म. चित्रीकरणापुरता याच लॅपटॉपवर उभा केलेला. ‘फाईल निवडा’, ‘अपलोड करा’. पतसंस्था असो, कॉलेज प्रवेश असो, नोकरभरती असो, हीच दोन बटणं.

काळ्या चौकटीत बघा, ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतोय. वर फाईलचं नाव, हळद डॉट जेपीजी. खाली कंटेंट-टाइप, म्हणजे फाईल कसली आहे ते: इमेज जेपीईजी. दोन्ही पाठवणाऱ्याच्या मशीनवरून येतात. मधे प्रॉक्सी, म्हणजे जाणारी माहिती वाटेत थांबवून दाखवणारं टूल, लावलं की दोन्ही हातानं बदलता येतात. आता नावाचा शेवट पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचा, झाला, टाइप तसाच ठेवला. या कोडमध्ये टाइपच तेवढा तपासलाय, म्हणून फाईल आत गेली.

अपलोडचं फोल्डर वेबरूटच्या, म्हणजे ब्राउझरमधून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, आत आहे. त्या फाईलचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की सर्व्हर ती नुसती दाखवत नाही, चालवतो. ही वेब शेल. आत मजकूर एकाच ओळीचा. इथून पुढं बाहेरून दिलेली कमांड सर्व्हर पाळतो, डेटाबेसचा पासवर्ड वाचतो आणि ग्राहकांची माहिती बाहेर जाते.

यावर बहुतेक जण पीएचपी एक्स्टेन्शनवर, म्हणजे नावाच्या त्या शेवटावर, बंदी घालतात. ती पुरत नाही. बऱ्याच सर्व्हरवर पीएचटीएमएल आणि ‘फार’ (phar) या एक्स्टेन्शनच्या फाईलीही पीएचपी म्हणूनच चालतात. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची असेल तर कुणी डॉट एचटीअॅक्सेस ही फोल्डरचे नियम ठरवणारी फाईलच चढवतो आणि जेपीजीलाही पीएचपी ठरवून टाकतो.

[दृश्य: हेक्स एडिटर, जवळून]

एफएफ, डी८, एफएफ. जेपीईजीचे पहिले तीन बाइट. एवढ्यावर फोटो खरा मानायचा नाही. हा फोटो अस्सल आहे, उघडतोही. पण थोडं खाली, एक्झिफच्या, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या, कॉमेंटमध्ये, पीएचपीचा कोड बसलाय. एसव्हीजी हा प्रकार तर चित्र असूनही आत जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, बाळगू शकतो. २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रं प्रोसेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ‘इमेजट्रॅजिक’ या दोषामुळं नुसतं चित्र प्रोसेस करतानाही सर्व्हरवर कमांड चालवता येत होती.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी फोल्डर वेबरूटबाहेर. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. पाठवणाऱ्यानं दिलेलं नाव फेकून द्यायचं. १६ रँडम बाइटचं नवं नाव, एक्स्टेन्शन आपण ठरवलेलं. परवानगीच्या यादीत फक्त जेपीजी आणि पीएनजी. चित्र जीडी या पीएचपीच्या चित्र-लायब्ररीनं उघडून नव्यानं सेव्ह करायचं. एक्झिफ तिथंच गळून पडतं. पण उघडण्याआधी लांबी-रुंदी तपासा. २०,००० गुणिले २०,००० पिक्सेलचं चित्र डिस्कवर छोटं असलं तरी मेमरीत १.६ जीबी खातं. फोल्डर हलवता येत नसेल, तर तिथं पीएचपी चालू नये ही ओळ सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये लिहा आणि अलाउओव्हरराइड नन ठेवा, म्हणजे चढवलेली डॉट एचटीअॅक्सेस चालणार नाही.

चालू साइटचं जुनं फोल्डरही आजच तपासा. फाइंड कमांडनं पीएचपी, पीएचटीएमएल आणि ‘फार’ एक्स्टेन्शनच्या फाईली शोधा. सापडलेली फाईल लगेच पुसू नका. आधी तिची आणि अॅक्सेस लॉगची प्रत काढा, पासवर्ड बदला. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं असतं.