पोलिसांनी जपलेले कागद

(दृश्य: परळ. बंद गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर.)

गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांचे कागद शोधायला गिरणगावात हिंडलात, तर हाती फारसं लागत नाही. युनियनची कचेरी भाड्याची, पुढाऱ्याचं बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत. जिथे माणसांनाच झोपायला जागा नाही, तिथे पत्रांच्या आणि इतिवृत्तांच्या वह्या ठेवणार कुठे? कुणी रद्दीत घातल्या, काही पावसानं नेल्या.

तरीही 1928 च्या संपाचे ढीगभर कागद आज शाबूत आहेत. मुंबईत नाहीत, दिल्लीत आहेत. आणि ते सांभाळले सरकारनं. प्रेमापोटी नव्हे, पुरावा म्हणून!

(दृश्य: जनपथ, नवी दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत.)

20 मार्च 1929. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत एकाच वेळी झडत्या झाल्या. पाच दिवस आधी गुप्तचर खात्याच्या हॉर्टन या अधिकाऱ्यानं मीरतच्या, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या आजच्या मेरठच्या, मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद दाखल केली होती. भारतीय दंड विधानाचं कलम 121-अ, बादशहाचं हिंदुस्थानावरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट. मुंबईतून डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे कामगारांचे कम्युनिस्ट पुढारी उचलले गेले. अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही. आरोपींमध्ये स्प्रॅट, ब्रॅडली आणि पुढे पकडलेला हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. खटला मीरतला का? तिथे ज्यूरी नव्हती, हे आरोपींनी तेव्हाच बोलून दाखवलं.

झडतीत सापडलं ते सगळं पोलिसांनी उचललं. पत्रं, सभांची इतिवृत्तं, हस्तपत्रकं, 'क्रांती' साप्ताहिकाचे अंक. मग प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक मिळाला. मागे इंग्रजी 'पी', म्हणजे सरकार पक्षाचा पुरावा, आणि पुढे आकडा. कामगारांना वाटलेलं पत्रक, छपाईच्या शाईनं बरबटलेलं, वाचून टाकून द्यायचं. तेसुद्धा न्यायालयात दाखल झालं, त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. युनियनच्या चिटणिसाला जे कधी जमलं नसतं, ते सरकारी कारकुनांनी केलं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. साचेखातं, गिरणीच्या दारातली गर्दी.)

कागदांच्या मुळाशी आहे तो 1928 चा संप. मालकांना विणकरानं दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवावेत असं हवं होतं. म्हणजे काम वाढणार आणि माणसं घरी बसणार. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष संपताना तिची सभासदसंख्या 54,000 वर गेली.

प्रभादेवीला नागू सयाजीच्या वाडीत सभा व्हायच्या. व्यासपीठावर डांगे किंवा आळवे, खाली कामगारांची दाटी, आणि त्यात वही घेऊन बसलेला पोलिसांचा लघुलेखक. मराठी भाषण तो टिपून घ्यायचा. पुढे हाच माणूस मीरतच्या कोर्टात साक्षीला उभा. आज ती भाषणं वाचायला मिळतात ती त्याच्या वहीमुळे. पण टाळ्या कुठे पडल्या, कुणी मध्येच काय ओरडलं, हे टिपायचं की नाही हे त्यानं ठरवलं. या साठ्यातलं प्रत्येक पान वाचताना ते विसरून चालत नाही.

(दृश्य: खटल्याच्या कामकाजाच्या छापील खंडांची पानं.)

यातला सर्वांत मोलाचा ऐवज मात्र जप्तीतला नाही. तो आहे आरोपींचे जबाब. न्यायाधीशानं विचारायचं आणि आरोपीनं सांगायचं. डांगे दिवसच्या दिवस बोलले. अठरा जणांनी मिळून एक सामायिक निवेदन दिलं, जाडजूड, तत्त्वज्ञानानं भरलेलं. खरं सांगायचं तर ते वाचताना दम लागतो.

आळवेंची त्यावर सही नाही. आळवे युनियनचे अध्यक्ष, स्वतः गिरणीत राबलेले, कोकणातल्या शेतकरी घरातले. त्यांचा जबाब वेगळा आहे. त्यात सिद्धांत कमी आणि गिरणी जास्त. त्या काळच्या कामगारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली हकीकत इतकी सविस्तर क्वचितच मिळते. आणि ती मिळाली कशी? आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं म्हणून.

पण अभिलेखागारात आळवेंच्या नावाचा संग्रह शोधू नका. खटल्याचं नाव आहे 'किंग एम्परर विरुद्ध पी. स्प्रॅट आणि इतर'. हजारो कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष त्या 'इतर'मध्ये गेला.

(दृश्य: तीन मूर्ती, दिल्ली.)

त्याच शहरात, तीन मूर्तीच्या ग्रंथालयात, ना. म. जोशींचे कागद मात्र त्यांच्याच नावानं आहेत. जोशी भारत सेवक समाजाचे, नेमस्त वळणाचे. 1920 मध्ये आयटक, ही देशभरच्या युनियनांची संघटना, स्थापन करणाऱ्यांपैकी एक. 1928 च्या संयुक्त संप समितीत ते आणि लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, लोक एकत्र बसले. पुढच्याच वर्षी, आयटकच्या नागपूरच्या अधिवेशनात, फुटले. जोशी कायदेमंडळात होते, जिनिव्हाच्या परिषदांना जात होते. अशा माणसाकडे फाइली असतात. डिलाइल रोडलाही पुढे त्यांचंच नाव मिळालं.

निकाल लागला 16 जानेवारी 1933 ला. बंगालचे कम्युनिस्ट पुढारी मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांग्यांना 12 वर्षं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं काहींना निर्दोष सोडलं, इतरांच्या शिक्षा बऱ्याच उतरवल्या. डांग्यांची 3 वर्षांवर आली. चार वर्षांचा खटला, आणि कट म्हणून जे उभं केलं त्यातलं बरंचसं उघड्या मैदानावर बोललेलं.

तुम्ही खटल्याचे हे छापील खंड वाचायला बसलात, तर निकालपत्रापासून सुरुवात करू नका. त्यात सरकारी वकिलानं कागदांची लावलेली साखळी आधीच तयार मिळते आणि मग तीच डोळ्यांसमोर राहते. आधी आळवेंचा जबाब काढा. मग पत्रकं. वकिलाचं भाषण शेवटी वाचलं तरी चालेल.