मागनं 'खट्ट' वाजतंय? हौसिंग खोलायच्या आधी क्रॉस तपासा

नमस्कार मंडळी, साताऱ्यातनं बोलतोय. गेल्या महिन्यापासनं कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, दादा पिकअप पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला की मागनं खट्ट वाजतंय, मेकॅनिक म्हणतोय क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या हौसिंगमधली गिअरची जोडी, गेलं, काय करू? तर भावांनो, आधी हौसिंग खोलू देऊ नका.

बेसिक पटकन सांगतो. गिअरबॉक्समधनं जॉइंट शाफ्ट, म्हणजे जोर नेणारा लांब दांडा, मागं येतो, त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा अधिकच्या खुणेसारखा सांधा, मग हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, मग एक्सल आणि चाकं. स्विफ्टवाल्यांनीपण विचारलंय, तर तुमच्या गाडीला इंजिन पुढची चाकं ओढतंय, मागं शाफ्टच नसतो, तुमचा विषय बुश आणि शॉकअपचा, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आता आवाज कधी येतो ते बघा. खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर येतोय तर पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, शॅकल, शॉकअप बघा. स्पीडबरोबर वाढणारा हूंऽऽ आवाज असेल तर हौसिंगचा संशय घ्या. पण अॅक्सिलरेटर सोडला-दाबला, रिव्हर्स टाकला, म्हणजे जोराची दिशा बदलली की एकदाच खट्ट, तर पहिला क्रॉस.

आमच्या चुलत्यांच्या पिकअपला हेच झालं. उसाचा सीझन, गाडी उभी करून चालत नाही, एका गॅरेजवाल्यानं शाफ्ट हातानं फिरवून दाखवला, बघा किती प्ले (ढिलेपणा) आहे, आणि हौसिंग उतरवलं. पाच आकडी बिल झालं. गाडी घेऊन खंबाटकी घाट चढायला लागले, गिअर बदलला, खट्ट! तोच आवाज. शेवटी निघाला काय, तर मागचा क्रॉस.

ह्या प्लेबद्दल मला खरंच राग येतो. गिअरच्या दात्यांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर तापून जाम होतील. क्राऊन-पिनियनची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात असते, त्यात आतल्या छोट्या गिअरची फट, एक्सलच्या आट्यांची (खाचांची) फट, सगळी मिळून शाफ्ट हातानं थोडा फिरतोच. नव्या गाडीचापण फिरतो! त्यामुळं शाफ्ट फिरवून दाखवला म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही.

मग बघायचं काय? शाफ्ट किती फिरतो ते नाही, क्रॉसच्या दोन बाजू एकत्र फिरतात का ते. गाडी सपाट जागेवर, चारी चाकांना पुढं-मागं दगड, मग न्यूट्रल. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, एकदाही नाही. एका हातानं हौसिंगकडची फ्लँज (शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतो ती चकती) धरा, दुसऱ्यानं शाफ्ट, आणि उलट-सुलट पिळा. दोन्ही मिळून हलले तर ठीक. एक हलला आणि दुसरा जागेवर, तर क्रॉस गेला.

डोळ्याला कळत नसेल तर अंगठा वापरा. अर्धा अंगठा फोर्कवर (क्रॉस धरणाऱ्या दोन फाट्यांवर), अर्धा क्रॉसच्या कपावर (त्याच्या टोकाच्या टोपीवर), आणि दुसऱ्या माणसाला शाफ्ट हळूच मागं-पुढं फिरवायला सांगा. अंगठ्याखाली टिक् लागते. ती टिक् लागली की क्रॉस बदला, विचारत बसू नका.

आणि कपाच्या तोंडाशी बॅटरी मारून बघा. तांबूस, गंजाची बारीक भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगच्या बारीक कांड्या) कोरड्या पडल्यात. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर ग्रीस मारताना चारी कपांतनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे, एकातनं आलं नाही तर तोच कप आधी जाणार.

क्रॉस चांगला निघाला तर फ्लँजचे बोल्ट आणि एक्सलचे यू-बोल्ट बघा, ढिले असले तरी असाच आवाज येतो. त्यानंतर हौसिंगचं तेल काढा. प्लगच्या मॅग्नेटवर करडी, लोण्यासारखी पेस्ट चालते, बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मग खोला.

तासगावच्या एका दादांनी लिहिलंय, नवीन क्रॉस टाकला, खट्ट गेलं पण आता गाडी थरथरते. दादा, शाफ्ट काढताना खूण केली होती का? शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत लागतात, कारण कोनात फिरताना क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो-कमी करतो, आणि पुढच्याचा झटका मागचा खातो. स्लाइडिंगचा आटा (शाफ्ट आत-बाहेर सरकतो तो खाचांचा जोड) चुकून बसला की ते जुळत नाही. शाफ्ट उतरवा, फोर्क एका रेषेत आणून परत बसवा, आणि तिथंच पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढून ठेवा. थरथर तरी राहिली तर कमेंटमध्ये किती स्पीडला येते तेवढं लिहा.